जैतखोलचं नेट

होडी खाडीच्या मध्यावर आली तेव्हा दत्ता भाटकरानं इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. पाणी चढायला लागलंय. आता तेच नेईल." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सारंगांकडे चाललात ना?"

"हो."

"अजून काही छापायचं राहिलंय?"

मांडीवरच्या पिशवीत सिग्नल मोजायचं यंत्र होतं, ते उगाच काढलं आणि परत ठेवलं. ऑक्टोबरचं ऊन पाण्यावर पसरलं होतं. आवाज कसलाच नव्हता. होडी हलतेय हेसुद्धा काठावरची झाडं मागं सरकताना दिसली म्हणून कळत होतं.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. खाडीवर पूल झाला, नेट जमिनीखालच्या तारेतून येतं, आणि मी पनवेलला असते. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि केतकीबंदरात नंदूशेठ मलुष्ट्यांच्या ऑफिसात कामाला होते. नंदूशेठ आधी केबल टीव्ही चालवायचे. पुढे त्यांनी इंटरनेट सुरू केलं. केतकीबंदरच्या टेकाडावर एक टॉवर आणि खाडीपलीकडे जैतखोल गावात एका गच्चीवर छोटी तबकडी, एवढ्यावर दोन्ही काठांना नेट मिळायचं. तक्रारीचे फोन घ्यायचे हे माझं काम, आणि महिन्यातून एकदा 'जोडणी' काढायची हे माझं आवडतं काम.

'जोडणी' म्हणजे पाठपोट छापलेला एक कागद. पुढच्या बाजूला घरातल्या नेटची काळजी कशी घ्यायची ते असायचं. राउटर कपाटात कोंडू नका, फ्रिजच्या मागे ठेवू नका, पासवर्ड म्हणून नातवाचं नाव देऊ नका, कारण ते सगळ्या गावाला माहीत असतं. मागच्या बाजूला दोन्ही काठांच्या बातम्या. सुलभा पाटकरांच्या म्हशीला जुळी रेडकं झाली. हिरव्या मुठीची छत्री होडीत राहिली आहे. शाळेच्या विहिरीला नवा रहाट बसला. लोक मागची बाजू आधी वाचायचे, आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या पावसाळ्यात जैतखोलहून तक्रारी सुरू झाल्या. नेट जातं. कधी जातं? तर एक दिवस बाराला, दुसऱ्या दिवशी पाऊणला, तिसऱ्या दिवशी दीडला. मग आठ-दहा दिवस काहीच नाही, आणि पुन्हा तेच. आमच्या माणसानं तार बदलली, तबकडी बदलली, खांब सरळ केला. फरक पडला नाही. जैतखोलची निम्मी घरं अशी, की कर्ता पुरुष आखातात नाही तर जहाजावर. नेट गेलं की बायका फोन करायच्या, आणि त्यांच्या आवाजात रागापेक्षा दुसरंच काहीतरी असायचं.

शेवटी नंदूशेठ म्हणाले, "तो सारंग बटण बंद करत असणार. रिटायर माणूस. दुपारी आडवा होताना पंख्याबरोबर तेही बंद करतो आणि उठल्यावर चालू. लिही यावेळी."

तबकडी होती ती अब्दुलगफूर सोलकरांच्या गच्चीवर. त्यांनी आयुष्य मालवाहू जहाजांवर काढलं होतं, शेवटची कितीतरी वर्षं सारंग म्हणून, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम. गावात त्यांना सगळे सारंगच म्हणायचे. मी नाव लिहिलं नाही. मी लिहिलं, "जैतखोलच्या टॉवरचा वीजपुरवठा दुपारच्या वेळी बंद केला जात असल्याचं दिसून आलं आहे. एका बटणावर दोनशे घरांचा संवाद अवलंबून असतो, याचं भान संबंधितांनी ठेवावं." दुसरं वाक्य मला इतकं आवडलं, की मी ते दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं होतं.

कोजागिरीला नेट पुन्हा गेलं. आमचा माणूस रजेवर होता. नंदूशेठ मला म्हणाले, "उद्या तू जा. दिवसभर गच्चीवर बस. हात बटणावर गेला की बघ."

म्हणून मी त्या होडीत होते.

सारंगांचं घर मोहल्ल्याच्या टोकाला, अगदी पाण्यावर होतं. ते दारातच उभे होते. उंच, वाळलेले, पांढरी दाढी नीट कापलेली.

"या. नंदूशेठचा फोन आला होता," ते म्हणाले. "जिना मागच्या बाजूनं आहे. वरच्या दाराला आतून कडी आहे. ती लावून घ्या. म्हणजे मी वर आलो नव्हतो, हे तुम्हाला खात्रीनं लिहिता येईल."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता, उलट फार शांत होता. मी खाली मान घालून जिना चढले आणि खरंच कडी लावली. नऊ वर्षं झाली तरी त्या कडीचा आवाज मला आठवतो.

गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली होती, तिथं बसले. समोर लोखंडी खांबावर तबकडी, पांढऱ्या ताटासारखी, केतकीबंदरकडे तोंड करून. खांबाला डबा, डब्यावर बटण, बटणाशेजारी हिरवा दिवा. यंत्र जोडलं. आकडा ब्याण्णव. म्हणजे उत्तम. साडेअकरा वाजले होते.

बघण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी पाणी बघत बसले. खाली काळे खडक होते, त्यांच्यावर बगळे. एकेक खडक बुडत होता आणि त्यावरचा बगळा उठून पुढच्या खडकावर जात होता. मग खडक संपले आणि बगळेही दिसेनासे झाले. तिवरांची खोडं गेली, नुसते शेंडे राहिले, हिरव्या गाद्या पाण्यावर ठेवल्यासारखे. पाणी ओरडत नव्हतं, आपटत नव्हतं. मोठा श्वास आत घ्यावा तसं वर येत होतं. पलीकडचा आमचा टॉवर पाण्यात उलटा दिसायला लागला, आणि त्याचं टोक हळूहळू माझ्याकडे सरकत आलं. त्याच्या शेजारी ऊन सांडलं होतं. उजेडाच्या रेघा गच्चीच्या कठड्यावर, टाकीवर, माझ्या हातांवर हलत होत्या. मला वाटतं मी थोडा वेळ झोपले असेन. किंवा नसेनही.

यंत्राकडे पाहिलं तर आकडा एकाहत्तर होता.

मी बटणाकडे पाहिलं. बटण चालू. दिवा हिरवा. आकडा चाळीस झाला. दाराला कडी तशीच. आकडा बावीस. मी उठून डब्याजवळ गेले आणि बटणाच्या अगदी समोर उभी राहिले, आणि माझ्या डोळ्यांदेखत, कुणाचा हात न लागता, आकडा बारावर आला.

मी कडी काढली आणि जिन्यातून हाक मारली, "चाचा, वर येता?"

ते आले. यंत्राकडे त्यांनी बघितलं नाही. कठड्याशी जाऊन पाण्याकडे बघितलं.

"सव्वा-दीडपर्यंत परत येईल," ते म्हणाले.

"कशानं होतं हे?"

"आरसा उन्हात धरला तर भिंतीवर काय पडतं?"

"कवडसा."

"तसं. तुमच्या टॉवरच्या सिग्नलची लाट सरळ इथं येते. तीच लाट पाण्यावर पडून उडते आणि तीही इथंच येते. पाणी खाली असतं तेव्हा काही बिघडत नाही. उधाणाचं पाणी या उंचीला आलं की दोघी एकमेकींना मारतात. जहाजावर रडारचं असंच व्हायचं." त्यांनी बोटानं तिवरांचा शेंडा दाखवला. "पौर्णिमेला आणि अमावास्येला पाणी इतकं चढतं. पुढं चार-पाच दिवस. मग भांग लागते, पाणी एवढं चढतच नाही, तुमचं नेट छान चालतं."

"आणि वेळ?"

"तिथीची पाऊणपट करा. आज प्रतिपदा, भरती पाऊणला. उद्या द्वितीया, दीड. परवा सव्वादोन."

माझ्या तक्रारींच्या वहीतल्या वेळा याच होत्या. दीड महिना त्या वहीकडे बघून मला जे दिसलं नव्हतं, ते यांनी पाण्याकडे बघून सांगितलं होतं.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"दुसऱ्या उधाणाला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"आलो होतो सांगायला. तुमच्या ऑफिसात. नंदूशेठ फोनवर बोलत होते, हातानं बसा म्हणाले. बसलो. तासाभरानं ते जेवायला गेले. तुम्ही तिथंच होतात. काहीतरी लिहीत होतात. पुढच्या आठवड्यात तुमचा कागद आला."

मला तो दिवस आठवत नव्हता. आजही आठवत नाही. बाकावर एक उंच म्हातारा माणूस तासभर बसून गेला आणि मी मान वर केली नाही.

"नमाजला जातो," ते म्हणाले. "तुम्ही खाली जाऊन पाणी प्या. खतीजा आहे. तिचं मुनाफशी बोलणं चाललंय."

"पण चाचा, नेट तर..."

ते जिना उतरून गेलेसुद्धा.

खाली स्वयंपाकघराला लागून लांब खोली होती. खिडकीखालीच पाणी होतं, त्यामुळे सगळं छत उजेडानं हलत होतं. टेबलावर मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर, आणि समोर खुर्चीत सारंगांच्या पत्नी, खतीजाबी. गोल चेहऱ्याच्या, डोक्यावर मलमलची ओढणी, हातात अर्धवट सोललेला लसूण. त्या बोलत होत्या.

"...आणि सकीनाच्या मुलीचं जमलं. मुलगा दापोलीचा. मी म्हटलं तिला, घाई करू नको. पण कोण ऐकतंय. रहाटाचा दोर तुटला होता परवा, तुझ्या अब्बांनी स्वतः बांधला, या वयात. मी काही बोलले नाही."

पडद्यावर चाळिशीचा एक माणूस होता. एक डोळा अर्धा मिटलेला, ओठांवर सुरू झालेलं हसू, उजवा हात कानाकडे निघालेला. मागे दुमजली खाट आणि दांडीवर निळा टॉवेल. काहीही हलत नव्हतं. तो मुनाफ, त्यांचा मुलगा. कुवेतच्या बंदरात टगवर होता, म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या बोटीवर.

मला उलगडलं. कॉल तुटलेला नव्हता, अडकला होता. थेंब थेंब सिग्नल येत होता, तुटण्याइतका कमी नाही, चालण्याइतका जास्त नाही. तिकडे मुनाफनं केव्हाच बंद केलं असणार. बंद केल्याचा निरोपही पाण्यात कुठंतरी अडकला होता.

"तू गेलास तेव्हा मी धक्क्यावर आले नाही," खतीजाबी म्हणाल्या. आवाज तोच होता, लसणाचं सालही सुटत होतं. "डोकं दुखतंय म्हटलं मी. डोकं दुखत नव्हतं. तुला होडीत बसताना बघवत नाही मला. तू मागं वळून बघितलंस असं हे म्हणाले. तीन वर्षं झाली, तेच मनात येतं. रागावलास का रे?"

मुनाफ हसायच्या बेतात होता. त्याचा हात कानाकडे निघाला होता.

मी परत फिरणार होते, पण पाय वाजला.

"कोण? ये गो, ये."

"मी दर्शना. केबलच्या ऑफिसातून." पुढं काय बोलावं ते सुचेना. वाटलं, यांना कळत नसेल, सांगायला हवं. "चाची, चित्र थांबलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हसल्या. "मग मला काय दिसत नाही? थांबलाय म्हणून तर बोलते."

त्यांनी मला बसायची खूण केली.

"चालू असतो तेव्हा त्याला घाई असते. अम्मा जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवतो. माझं तोंड उघडेपर्यंत संपलं. हा असा थांबला की कुठं जात नाही." त्यांनी लसूण वाटीत टाकला. "पण यांना बोलू नको. यांना वाटतं, मला कळत नाही. उधाण आलं की तीन-चार दिवस रोज म्हणतात, जा, मुनाफ थांबलाय तुझ्यासाठी. किती जपून म्हणतात. मी पण जाते."

त्यांनी मला पाणी दिलं, नारळाची वडी दिली. मग एकदम विचारलं, "तो वरचा डबा हलवला तर हे बंद होईल ना? नेट जायचं?"

"बहुतेक."

"मग हलव."

"चाची..."

"तुमचा कागद आल्यापासून हे मशिदीत शेवटच्या ओळीत उभे राहतात. शेजारची जागा रिकामी असते. मी तिथं जात नाही, पण गावात काही झाकून राहतं का? जमातीनं बोलावलं होतं, शपथ घ्या म्हणाले. गेले नाहीत. म्हणाले, माझ्या शब्दावर जहाजं नांगर टाकायची, आता शपथ कसली घेऊ." त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं. "मुनाफ काय, उद्याही फोन करेल."

सव्वाच्या सुमाराला पडदा काळा झाला. पाणी उतरायला लागलं होतं.

सारंग परत आले तेव्हा मी ओट्यावर बसले होते. समोर खडकांची टोकं पुन्हा वर येत होती.

"चाचा, तबकडी कुठं लावली तर हे होणार नाही?"

त्यांनी विचार केला नाही, कारण तो आधीच झालेला होता. "वर डोंगरमाथ्यावर, सड्यावर, कस्टमची जुनी चौकी आहे, पडकी. तिथून तुमचा टॉवर दिसतो, पण मधलं पाणी दिसत नाही, सड्याची कड आड येते. पाणी दिसत नाही म्हणजे कवडसाही नाही."

"मग तुमच्याकडून काढावी लागेल."

"हो."

मी बोलायला नको होतं, पण बोलले. "चाचींना बाराला..."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काय पाहिलं आहे ते त्यांना समजलं.

"तुमचा कागद आला त्याला पंधरा दिवस झाले," ते म्हणाले. "पंधरा दिवस मी गप्प आहे. मला वाटायचं, रागानं गप्प आहे. अपमान केलात तर भोगा. काल रात्री नमाज झाल्यावर बसलो होतो, तेव्हा कळलं, रागानं नव्हतं. हे मिटलं की तिचं काय, एवढंच होतं." मग हलक्या आवाजात, "तिला समजत नाही, बाय. ती खूश असते."

मी वाटीतली वडी हातात धरून बसले होते.

"पण तिच्यासाठी सगळ्या गावाचं अडवून ठेवलं, तर तुम्ही छापलंत ते खरंच झालं की. बटण मी दाबलं नाही एवढाच फरक." ते उठले. "चौकीवर लावा. वीज शाळेतून घेता येईल. अमावास्येच्या आत करा."

मी म्हटलं, "मी पुढच्या अंकात लिहिते, चूक आमची होती."

"माझं पण लिहा. माहीत होतं आणि उशिरा सांगितलं."

बोलता बोलता त्यांनी मला 'बाय' म्हटलं होतं, घरच्या मुलीला म्हणतात तसं, हे होडीत बसताना माझ्या लक्षात आलं. पाणी आता उलटं वाहत होतं, त्यामुळे दत्ताला इंजिन लावावं लागलं.

नंदूशेठना कारण सांगितलं तेव्हा ते खूश झाले. चौकीची जागा त्यांना लगेच पटली. "पण मग त्यानं आधी सांगायला काय झालं होतं?"

"सांगायला आले होते. तुम्ही बसा म्हणालात."

"असेल. पण ते माफीबिफी छापू नको. आपण नाव घेतलं नव्हतं. उगाच उकरायचं कशाला? 'तांत्रिक अडचण दूर केली आहे' एवढं टाक."

मी 'बरं' म्हटलं. मी नेहमीच 'बरं' म्हणायचे.

दोन दिवसांनी ऑफिसचा फोन वाजला. परदेशातला नंबर.

"मी गफूर सारंगांचा मुलगा बोलतोय, कुवेतहून. तो तुमचा कागद आज मला कुणीतरी पाठवला. 'एका बटणावर दोनशे घरांचा संवाद.' हे कुणी लिहिलं?"

नंदूशेठ समोरच्या टेबलावर होते. मला म्हणता आलं असतं, कंपनीनं. मला म्हणता आलं असतं, चौकशी करून कळवते.

"मी," मी म्हटलं. "मी लिहिलं. ते चुकीचं होतं. बटण कुणीही बंद करत नव्हतं. तुमच्या वडिलांनीच खरं कारण शोधून दिलं. पुढच्या अंकात मी तसं माझ्या नावानं छापणार आहे."

नंदूशेठनी मान वर केली.

मुनाफ भांडायची तयारी करून आला होता, आणि आता त्याला काय करावं समजत नसावं. "बरं," तो शेवटी म्हणाला.

"मुनाफभाई, एक विचारू? तुम्ही रोज बाराला घरी फोन करता."

"हो. एकही दिवस चुकवत नाही."

"किती वेळ?"

"चार मिनिटं, पाच मिनिटं. खोलीत सहा जण आहोत, ड्यूटीवरून येऊन कपडे धुवायचे, जेवण करायचं. आणि रोज काय बोलणार? अम्माला विचारतो, कशी आहेस, तर म्हणते सगळं ठीक."

मला सगळं सांगायचं होतं. अर्धा मिटलेला डोळा, कानाकडे निघालेला हात, धक्का. पण ते माझं नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "चित्र अडकतं ना मधूनमधून, त्या वेळी त्या बोलतात. तासतासभर. तुमच्या थांबलेल्या चेहऱ्याशी. मी ऐकलंय."

पलीकडे खोलीत कुणीतरी बोलत होतं, त्याला त्यानं थांबवलं.

"अम्माला कळत नाही, मी नाहीये म्हणून?"

"त्यांना सगळं कळतं. तुम्ही असलात की घाईत असता, म्हणून त्या बोलत नाहीत. तुम्ही काही विचारू नका. नुसते थांबा."

"थांबू म्हणजे काय करू?"

"ते मलाही माहीत नाही," मी म्हटलं.

त्यानं फोन ठेवला. नंदूशेठ माझ्याकडे बघत होते. "तुझ्या नावानं छापणार?"

"हो."

"कंपनीचा कागद आहे तो."

"मग कंपनीच्या नावानं छापू?"

ते पुढचे चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. पण छापखान्यात जायच्या आधी मजकूर त्यांनी मागितला, वाचला आणि खोडला नाही. मी लिहिलं होतं, "गेल्या अंकात जैतखोलच्या टॉवरबद्दल आम्ही जे छापलं ते खोटं होतं. तिथलं बटण कुणीही बंद केलं नव्हतं. उधाणाची भरती येत होती. हे श्री. अब्दुलगफूर सोलकर यांनी ओळखलं आणि आम्हाला सांगायला आले, तेव्हा आम्ही त्यांचं ऐकून घेतलं नाही. दर्शना शिरधनकर." उशिरा सांगितल्याचं मी लिहिलं नाही. खाली महिन्याच्या भरतीच्या वेळा दिल्या.

अमावास्येच्या तीन दिवस आधी तबकडी चौकीवर चढली. दिवाळीतल्या पाडव्याला मी अंक घेऊन स्वतः जैतखोलला गेले, घरोघर वाटले. सारंगांचं घर शेवटी ठेवलं होतं. पोचले तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. खाडी काठोकाठ भरली होती, तिवरांचे शेंडे तेवढे वर.

ओट्यावर चार-पाच माणसं बसली होती. एकाच्या हातात 'जोडणी' होती आणि तो सारंगांना विचारत होता, "म्हणजे चतुर्थीला तीन? मग षष्ठीला साडेचार?" सारंग मान हलवत होते. मला बघून त्यांनी नुसतं आतल्या दाराकडे बोट केलं.

आतल्या खोलीचं छत उजेडानं हलत होतं. खतीजाबी सुपात तांदूळ निवडत जमिनीवर बसल्या होत्या. कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर दुमजली खाट होती, दांडी होती, एक पांढरी भिंत होती. माणूस नव्हता.

"चाची, नेट अडकलं का?"

"नाही गो. चालू आहे."

"मग मुनाफभाई?"

"आहे तिथंच. कपडे धुतोय. फोन खिडकीत ठेवून देतो हल्ली, आणि आपलं काम करत राहतो." त्यांनी सूप पाखडलं. "रोज असतो हा असा. अर्धा तास, पाऊण तास."

मी कान दिला. खरंच, पडद्याच्या आत कुठंतरी नळ चालू होता, आणि ओलं कापड आपटल्याचा आवाज येत होता.

खतीजाबी पुन्हा बोलायला लागल्या, सुपाकडेच बघत, मला सांगत असल्यासारख्या. सकीनाच्या मुलीच्या साखरपुड्याला कोण कोण आलं होतं, मटण कसं कमी पडलं, दापोलीच्या लोकांनी नावं कशी ठेवली. बोलता बोलता थांबल्या. बोटांत एक खडा धरला, बघितला, बाजूला टाकला.

"तू गेलास ना मागच्या खेपेला," त्या म्हणाल्या, "तेव्हा मी धक्क्यावर आले नव्हते."

नळ बंद झाला. पांढऱ्या भिंतीच्या पलीकडून, अगदी जवळून, आवाज आला.

"हं. मग?"